ज्युनियरचा पगार



वाशिम जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांतून आलेल्या वकिलांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेले फौजदारी कायदे आणि ई-फायलिंग यांवर सकाळी जाणकार बोलले आहेत. त्यात मी भर घालत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती कित्येक वर्षं मनात साचली आहे. आपण आपल्या ज्युनियरना पगार देत नाही.

१९६१ साली संसदेने दोन कायदे केले. एक आपला, अधिवक्ता अधिनियम. दुसरा शिकाऊ उमेदवारांचा. त्या दुसऱ्यामुळे आयटीआयचा फिटर कारखान्यात शिकायला गेला की त्याला विद्यावेतन द्यावंच लागतं. आपल्या कायद्यातही कलम २४ मध्ये सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती अट काढली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये एक वर्षाचं प्रशिक्षण नियमांतून परत आणलं, तर व्ही. सुधीर खटल्यात १५ मार्च १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. कायद्यातून गेलेली अट नियमाने आणण्याचा अधिकार कौन्सिलला नाही, हे कारण. आता कौन्सिलची परीक्षा आहे. पण पुकारा झाल्यावर साक्षीदारासमोर उभं कसं राहायचं, हे परीक्षेत येत नाही. ते चेंबरमध्येच शिकावं लागतं, आणि चेंबरला कसलाच नियम नाही.

आपले ज्येष्ठ मित्र म्हणतात, 'शिकवतो हाच पगार. आम्हाला कुठे कोणी दिला होता?' मला दिला होता. मी सनद घेतली तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. माझे सीनियर एक तारखेला पाकीट हातात ठेवत. रक्कम खोलीभाडं आणि खानावळ भागेल एवढीच. त्यांच्या वहीत मुन्शीच्या पगाराखाली माझी ओळ असे. मग कामही ते पुरतं घेत. कैफियत लिहायला लावायची, लाल शाईने खोडायची, पुन्हा लिहायला लावायची. एकदा बांधाच्या दाव्यात मोजणीच्या नकाशावर त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी मला रिसोडकडच्या एका शिवारात पाठवलं. धुऱ्यावर बसलेला म्हातारा म्हणाला, 'वकीलसाहेब, मोजणीवाल्यानं जुन्या दगडापासून मापलंच नाही.' मोजणीदाराची सगळी उलटतपासणी त्या एका वाक्यावर उभी राहिली, आणि ती सीनियरनी मला करू दिली. पैसे मोजलेल्या माणसाचा वेळ आपण वाया जाऊ देत नाही. फुकटच्या माणसाला तारखा घ्यायला पाठवतो. म्हणजे जिथे पगार नाही, तिथे बहुतेक वेळा शिकवणंही नाही.

मानोरा तालुक्यातला एक मुलगा मला आठवतो. घरी कोरडवाहू सोयाबीन, घराण्यातला पहिला पदवीधर. चेंबर कुणाचं होतं, ते सांगत नाही. दोन वर्षं त्याने मुदत अर्ज लिहिले, नकला काढल्या. एकही साक्षीदार त्याच्या वाट्याला आला नाही. एसटीचा पास आणि जेवण बापाच्या पैशातून. आज तो फायनान्स कंपनीच्या वसुलीवर फिरतो. अत्यंत हुशार मुलगा होता हो! मुलींचं तर विचारूच नका. घरचे एक वर्ष वाट पाहतात, मग स्थळ बघतात.

ही आता कुणाच्या घरची खाजगी अडचण राहिलेली नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली हवी. त्याचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर न्यायाधीशांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची. निकाल मला मान्य आहे. तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. १९८५ मध्ये वकिलीत आल्यावर त्यांनीही आपले सीनियर राजा भोसले यांच्याकडे उमेदवारी केली होती. पण ही तीन वर्षं जेवायचं कुणाच्या जिवावर? ज्याचा बाप पोसू शकतो तोच टिकेल, आणि उद्या तोच न्यायासनावर बसेल. वाटणीचे, पोटगीचे, मजुरीचे निवाडे करणारं न्यायालय फक्त सुखवस्तू घरांतून भरलं जावं, हे मला सहन होत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं : ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २०,००० रुपये, ग्रामीण भागात १५,०००. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याचे मित्र मला अडवतात, 'आमची फी सोयाबीन विकल्यावर येते, कधी येतच नाही. पंधरा हजार कुठून आणू?' हे मात्र खरं आहे. म्हणून सगळा भार एकट्या सीनियरवर टाकावा, असं मी म्हणणार नाही. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिन्याला ५,००० रुपये देण्याची योजना आणली होती. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये दिलेच ना! मग वकिलाच्या चेंबरसाठी तशी तरतूद का करता येऊ नये? जिल्ह्यात ज्युनियरसाठी एक निधी उभा करावा, प्रत्येक सीनियरने ऐपतीप्रमाणे त्यात भर घालावी, आणि सहा महिन्यांत ज्युनियरच्या हाती एक तरी साक्षीदार द्यावा. तपशील समिती ठरवील. समितीत कोण, हे आज संध्याकाळी बसून पाहू. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला पत्रही लिहू.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. ज्यांना विरोध करायचा आहे, त्यांनी खुशाल करावा. फक्त बोलायला येताना आपल्या ज्युनियरला सोबत घेऊन या व्यासपीठावर यावं.