खाऱ्या पाण्याच्या टाकीतली कोळंबीची पिल्ले

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोळंबीची पिल्ले बहुधा रात्री निघतात. दिवा मालवला की अंडी वागवणारी कोळंबी पोटाखालचे पाय जोरजोरात झटकू लागते आणि दोन-तीन मिलिमीटरचे, काचेसारखे पारदर्शक जीव पाण्यात पसरतात. सकाळपर्यंत त्यांतले बहुतेक माशांच्या पोटात किंवा फिल्टरच्या स्पंजात गेलेले असतात. त्यामुळे पिल्ले वाचवायची तर ती त्याच रात्री. टाकीच्या एका कोपऱ्यावर टॉर्च रोखला की पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. ती पेल्याने पाण्यासकट उचलावीत. जाळीने उचलली तर नाजूक पाय मोडतात.

पाण्यात हलणारा प्रत्येक ठिपका कोळंबीचा नसतो, आणि खाऊ घालण्याआधी ओळख पटवणे महत्त्वाचे आहे. काचेच्या वाटीत चमचाभर पाणी घ्यावे, वाटीखाली काळे कापड ठेवावे आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. थेंबाच्या आकाराचा, झटके देत उड्या मारणारा जीव म्हणजे कोपेपॉड. मादी असेल तर शेपटीशी अंड्यांच्या पिशव्या दिसतात. शेपटीच्या टोकाशी काचेच्या मण्यांसारखे दोन ठिपके असतील तर तो मायसिड. त्याची पिल्ले आईच्या पिशवीतून तयार रूपातच बाहेर पडतात, म्हणून ती कोळंबीची समजण्याची चूक हमखास होते. कोळंबीचे पिल्लू लांबट असते, त्याचे दोन डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात आणि ते बऱ्याचदा शेपटी पुढे करून पोहते.

खेकड्याचे पिल्लू तर खेकड्यासारखे दिसतच नाही. बहुतेक जातींत पाठीवर एक काटा, तोंडापुढे दुसरा आणि मागे बारीक शेपूट असते. झोइया नावाचा हा एक स्वतंत्रच प्राणी आहे, अशी पूर्वी समजूत होती. आयर्लंडमधल्या कॉर्क येथे राहणारे लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी 1820 च्या दशकात असे जीव भांड्यात जिवंत ठेवून त्यांना कात टाकताना पाहिले, खेकड्याच्या अंड्यांतून झोइया निघतानाही पाहिला, आणि तो खेकड्याचेच पिल्लू असल्याचे दाखवून दिले. आजही घरी वाटी आणि भिंग घेऊन बसणारा माणूस तेच करत असतो.

कोळंबीच्या पिल्लांचे पहिले अन्न म्हणजे आर्टेमिया या मिठागरांतल्या चिमुकल्या जीवाची नुकती फुटलेली पिल्ले, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमियाची नोंद 1950 च्या दशकातच झाली होती. घरी त्याची सुकी अंडी एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडेमीठ घालून, उजेडात आणि हवेच्या बुडबुड्यांवर ठेवली, की 28 अंशांना साधारण दिवसभरात फुटतात. हवा बंद केल्यावर टरफले वर तरंगतात आणि पिल्ले खाली बसतात. ती नळीने काढून, धुऊन, लगेच द्यावीत, कारण अंगातला बलक संपत गेला तसा त्यांचा कस उतरतो. कोळंबीच्या अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की आर्टेमिया भिजत घालावा. उद्यावर ढकलले तर पिल्ले उपाशी मरतात.

टाकीसाठी मात्र खडेमीठ चालत नाही. तिला समुद्री मिश्रणाचे मीठ, आरओचे पाणी आणि 1.025 च्या आसपासची घनता लागते. नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून भर घालताना गोडे पाणीच घालावे. संत्रा-कपाशीच्या या भागात याहून मोठा धोका फवारणीचा आहे. कोळंबी आणि कीटक जवळचे नातलग असल्याने कीटकनाशकाचा अंशही पिल्लांना पुरतो. शेतातून आलेला हात टाकीत घालू नये, त्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नये आणि माशांसाठीची तांबेयुक्त औषधे दूर ठेवावीत.

पिल्लांचे भांडे गोल बुडाचे असावे. कोपऱ्यात पाणी साचते आणि पिल्ले तिथेच अडकतात. एअरस्टोन काढून नुसत्या नळीचे मोठे, सावकाश बुडबुडे सोडावेत. खरकटे रोज काढून थोडे पाणी बदलावे. बदलीच्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान मात्र भांड्यातल्या पाण्याइतकेच हवे.

पहिला प्रयत्न पेपरमिंट श्रिम्प या कोळंबीवर करणे शहाणपणाचे. तिची पिल्ले महिना-दीड महिन्यात तळाला बसू लागतात, तर क्लीनर श्रिम्पच्या पिल्लांना कित्येक महिने लागतात. दोन्हींच्या वाढत्या पिल्लांना वल्ह्यासारख्या टोकाचे लांब पाय फुटतात. ते तुटलेले दिसले की कुठेतरी पाण्याचा जोर जास्त आहे असे समजावे. शेवटच्या कातेबरोबर ही वल्ही जातात. आदल्या दिवशीपर्यंत पाण्यात तरंगणारे पिल्लू मग काचेला धरून चालू लागते.