वेगाची मोटार आणि ओढीचा आकडा

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपली, की चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, असा तेथील जुना परिपाठ आहे. शंकरपटाच्या मैदानाकडे पाहणाऱ्यास दोन प्रकारची वाहने सहज दिसतात. एक, ज्यात बसून गावकरी आले ती बंडी. दुसरी, जी पटावर धावावयाची ती छकडी. बंडीला जाड आख, भक्कम दांडी, भरघोस साटी. छकडीला यांतले जेवढे गाळता येईल तेवढे गाळलेले. धुरकऱ्याला जेमतेम टेकता आले म्हणजे झाले. पटाच्या छकडीवर कोणी धानाची पोती लादीत नाही. बैल ओढणार नाहीत म्हणून नव्हे. छकडी त्यासाठी केलेलीच नसते, हे बांधणारा व हाकणारा दोघेही जाणतात.

मोटारींच्या जगात मात्र नेमकी हीच गोष्ट करण्याची इच्छा पुष्कळांना होते. दोन माणसांची, बुटकी, वेगासाठी बांधलेली मोटार हौशी मनुष्य विकत घेतो. सार्वजनिक रस्त्यावर तिचा वेग अजमावणे हे बेकायदा तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. म्हणून शर्यतीचे बांधीव मार्ग काही ठराविक दिवशी अशा हौशी मालकांना शुल्क घेऊन मोकळे करून देण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली व पुढे आपल्याकडेही आली. आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइमतूरजवळ आणि २०११ पासून दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे असे मार्ग आहेत. चंद्रपुराहून चेन्नई सुमारे एक हजार किलोमीटर. तेथे जाऊन दिवसभर मोटार पळवावयाची आणि त्याच मोटारीने घरी परत यावयाचे, तर पळवण्यासाठी वेगळे चार टायर, जॅक, हत्यारे, तेल असा सरंजाम बरोबर हवा. दोन आसनांच्या मोटारीत तो मावणार कोठे? मग विचार सुचतो, की मोटारीच्या मागे आकडा बसवावा आणि एका आखाची लहानशी जोडगाडी, म्हणजे ट्रेलर, ओढीत न्यावी.

हा विचार वेडगळ नाही. परदेशांत अनेकांनी तो यशस्वी रीतीने अमलात आणला आहे. परंतु आकडा बसवणे म्हणजे लोखंडाचा एक तुकडा चार बोल्टांनी आवळणे अशी जी समजूत दिसते, ती घातक आहे. आकड्याच्या ठिकाणी दोन वाहनांचे वजन, वेग आणि झोक यांचा व्यवहार होतो. आणि तो व्यवहार झाडीपट्टीतील कोणत्याही जुन्या गाडीवानाला पूर्ण परिचयाचा आहे.

बंडी भरताना गाडीवान काय करतो ते पाहावे. ओझे आखाच्या फार पुढे गेले, तर जू बैलांच्या मानेवर दाबते आणि मान सोलवटते. ओझे आखाच्या मागे गेले, तर बंडी उलाळते; जू वर उचलले जाते, जोते बैलाच्या गळ्याला आवळते आणि चढावावर बैल घुसमटतो. आलापल्लीच्या जंगलातला सागाचा लांब ओंडका लादला आणि त्याचा जड बुंधा मागे राहिला, तर हा अनुभव लगेच येतो. म्हणून ओझे असे रचावयाचे, की मानेवर थोडा दाब राहील, पण फार नाही.

जोडगाडीचा नियम अक्षरशः हाच आहे. तिच्या पुढच्या दांडीचे टोक मोटारीच्या गोळ्यावर टेकते. त्या टोकाने खाली थोडे दाबलेच पाहिजे. युरोपातील प्रघात असा, की भरलेल्या जोडगाडीच्या वजनाच्या शेकडा ५ ते ७ इतका हा दाब असावा. अमेरिकेत तो याहून बराच अधिक ठेवतात. भरलेली जोडगाडी ३०० किलोची धरली, तर १५ ते २० किलो दाब झाला. आता शाळकरी गणित करून पाहू. गोळ्यापासून जोडगाडीचा आख २ मीटर अंतरावर आहे आणि १०० किलोचे सामान आखाच्या बरोबर वर न ठेवता वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर, मागे सरकवले. तेवढ्यानेच गोळ्यावरील दाब १० किलोने उतरतो. वीतभराच्या हलगर्जीपणाने निम्मा दाब नाहीसा झाला!

उलाळलेल्या बंडीने बैल घुसमटतो. उलाळलेल्या जोडगाडीने काय होते? ती शेपटासारखी डावी-उजवीकडे हलू लागते. कमी वेगात हे हेलकावे आपोआप शमतात. प्रत्येक जोडगाडीला असा एक वेग असतो, की ज्याच्या पलीकडे हेलकावे शमत नाहीत, वाढत जातात, आणि अखेरीस मागची गाडी पुढच्या गाडीला फिरवून टाकते. ओझे जितके मागे, तितका हा वेग कमी. हेलकावे सुरू झाले असता वेग वाढवून ते मोडावेत, असा उपदेश कोणी करतो. तो साफ चुकीचा आहे. सुकाणू सरळ धरून पायाचा जोर काढावा, करकचून ब्रेक दाबू नये, आणि थांबल्यावर सामान पुढे घ्यावे.

दाब फार झाला तर? मोटारीच्या दोन आखांमधील अंतर २·३ मीटर आणि गोळा मागच्या आखाच्या १ मीटर मागे आहे असे समजा. गोळ्यावर २० किलो ठेवले तर पुढच्या चाकांवरील भार पावणेनऊ किलोंच्या आसपास उतरतो, ते सोसते. पण ८० किलो ठेवले, तर सुमारे ३५ किलो उतरतो. पुढची चाके वळवावयाची असतात, आणि हलक्या मोटारीला त्यांची पकड म्हणजे सर्वस्व.

दुसरा प्रश्न, आकडा बसवावयाचा कशाला? बंडीची दांडी कोणी तट्ट्याला बांधीत नाही; ती मुख्य लाकडांतूनच आलेली असते. शर्यतीच्या मोटारीचा मागचा भाग बहुधा तट्ट्यासारखाच असतो. पातळ पत्रा, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण, खाली धुराची नळी. काही मोटारींचे तर यंत्रच मागे असते. आकड्याचा जोर मोटारीच्या मूळ सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या कण्यांपर्यंत पोचला पाहिजे; बंपरला जखडलेला आकडा हा केवळ शोभेचा. मोटारीबरोबर एक आट्याचे लोखंडी कडे मिळते, ते वापरले तर चालेल काय, असे कित्येक विचारतात. ते कडे चिखलात रुतलेली मोटार हळूच ओढून काढण्यासाठी आहे. रस्त्याच्या हिसक्यांसह शेकडो किलोमीटर ओझे वाहण्यासाठी नव्हे.

आणि या सर्वांच्या आधी कारखानदाराचे पुस्तक उघडावे. ओढावयाचे कमाल वजन व गोळ्यावरील कमाल दाब त्यात दिलेले असतात. वेगाच्या कित्येक मोटारींपुढे ‘ओढीसाठी नाही’ असेच लिहिलेले सापडते. तसे असेल तर तेथेच थांबावे. लोहाराचे कसब कितीही उत्तम असो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही कारखानदाराच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जोडगाडी हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन असल्याने तिची नोंदणी वेगळी करावी लागते. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच विचारते.

हे सारे श्रीमंतांच्या खेळण्याविषयी चालले आहे, असे कोणाला वाटेल. परंतु वनप्रदेशातील गरीब मनुष्याचा जीवही याच सांध्यावर टांगलेला असतो. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या यात्रेला जाताना ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली आणि ट्रॉलीत दाटीने बसलेली माणसे हे दृश्य काही नवे नाही. नियमाने ट्रॉली माणसांसाठी नाही; तरीही बसतात. त्या सर्वांना ट्रॅक्टरशी जोडणारी वस्तू कोणती? एक खिळ, आणि ती खिळ वर सरकू नये म्हणून तिच्या टोकाला घातलेली बोटाएवढी पिन. ती पिन हरवली म्हणजे तारेचा तुकडा पिळून वेळ निभावणारे महाभाग ठिकठिकाणी आढळतात. उतारावर तार तुटली की ट्रॉलीला ना ब्रेक, ना सुकाणू. म्हणून शहाणे लोक आकड्याखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या बांधतात. आकडा निसटलाच तर दांडीचे टोक जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत अडकते. मोटारीच्या जोडगाडीलाही त्या साखळ्या हव्यातच. त्यांची किंमत एका टायरहून कमी.

शर्यतीच्या मार्गावर उतरण्यापूर्वी जोडगाडी सोडावयाची, एवढे सर्वांना समजते. गोळाही काढून ठेवावा, हे थोड्यांना सुचते. काढता-घालता येणारा गोळा थोडा महाग पडतो, पण मागून येणाऱ्या मोटारीच्या पोटात घुसणारा लोखंडाचा गुळगुळीत गोळा बाहेर ठेवून धावणे हा शिष्टाचार नव्हे. शंकरपटाच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर त्यांना मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत छकड्या माळ्यावर पडून राहिल्या, पण त्यांना ओझ्याच्या कामाला लावावे असे त्यांच्या धन्यांना वाटले नसावे.

जोडगाडी घेऊन निघालेल्याने पहिल्या ५० किलोमीटरांवर, म्हणजे चंद्रपुराहून निघाल्यास राजुऱ्याच्या पुढे कोठेतरी, सावलीला थांबावे. आकड्याचे बोल्ट पान्याने पुन्हा आवळून पाहावेत. नवे बोल्ट पहिल्या धक्क्यांनी बसतात व किंचित सैल होतात. चाकांच्या तुंब्यांना हात लावावा. एक तुंबा दुसऱ्याहून गरम लागला तर वंगण कमी आहे. आणि मुक्कामी पोचल्यावर आकडा सोडण्यापूर्वी जोडगाडीच्या दोन्ही चाकांना दगड लावावेत, दांडीखाली टेकू द्यावा, मग खटका उचलावा. बैल सोडण्याआधी बंडीला टेकू देणारा गाडीवान याच क्रमाने हात चालवतो.