कंप थांबल्यानंतर



कंपवातावर मेंदूची शस्त्रक्रिया करतात. खोल भागात बारीक तारा बसवून छातीच्या कातडीखालील यंत्रातून त्यांना सूक्ष्म विद्युत्प्रवाह पुरवितात. ग्रेनोबल येथे प्राध्यापक बेनाबिद यांनी १९८७ साली या पद्धतीचा पाया घातला. रोग त्याने जात नाही. हात मात्र स्थिरावतो.

माझ्या पतींची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. त्यापूर्वी आठ वर्षे त्यांच्या सदऱ्याची बटणे मी लावीत असे. किद्दूशचा पेला सांडू नये म्हणून अर्धाच भरीत असे. हमद टाउनला परतल्यावर पहिल्याच शब्बाथला त्यांनी तो काठोकाठ भरला आणि म्हणाले, "आता तू बस." मी बसले, पण रिकाम्या हातांचे काय करावे, ते मला उमजेना. अलिबागहून फोन येत, "सुटलात एकदाच्या!" त्यावर काय उत्तर द्यावे?

हे आमच्याच घरचे नव्हे. पॅरिसच्या डॉक्टरांनी अशा २९ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. हालचाली पुष्कळ सुधारल्या होत्या, तरी २४ दांपत्यांपैकी १७ जणांत कलह झाले; आधी नोकरीत असलेल्या १६ पैकी ९ जणच कामावर परतले. आजाराभोवती रचलेला संसार आजार ओसरला की नव्याने मांडावा लागतो.

गोळ्या कमी झाल्यावर यांचे मन काही आठवडे कशातच रमेना. मला तो रुसवा वाटे. डॉक्टरांनी औषध आणि यंत्राचा प्रवाह दोन्ही पुन्हा जुळविले. म्हणून सांगते, तपासणीला जाताना हाताइतकेच मनाविषयीही बोला, आणि पतिपत्नी दोघांनी बोला. शक्यतो शस्त्रक्रियेच्या आधीच.

एकदा यांनी विचारले, "ही चाल माझी की यंत्राची?" मला याकोब आठवला. रात्रभर झुंजून त्याला इस्राएल हे नाव मिळाले, आणि लंगडही आले. अब्राहामाला जुन्या नावाने संबोधू नये, असे आपले शास्त्री सांगतात. याकोबाला मात्र तोरा पुढेही दोन्ही नावांनी हाक मारते. शस्त्रक्रियेहून परतलेल्या माणसालाही घरच्यांनी दोन्ही नावांनी ओळखावे लागते.

आता आमचा वाद मोटारीवरून आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तरी इथल्या प्रत्येक राउंडअबाउटला माझा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो. तूर्त मनामाला जाताना गाडी ते चालवितात, येताना मी.