पाट कोणी दाखवायचा?

श्रोतेहो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, आणि तेव्हापासून लॅब सांभाळणाऱ्यांचे मला फोन येतायत. 'सर, तीस मशिनांवर लिनक्स टाकायचंय आणि पेनड्राइव्ह एकच आहे.' अहो, तो खिशातच ठेवा! पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. तिथल्या नोडांच्या रांगांतून कोणी पेनड्राइव्ह घेऊन हिंडत असेल, असं वाटतं का तुम्हाला? एक सर्व्हर लावा, मशिनं नेटवर्कवरून बूट करा. डीएचसीपी, टीएफटीपी तुम्हाला ठाऊक आहेत. मी एवढंच सांगायला आलोय, की चालत्या नेटवर्कात दुसरा डीएचसीपी उभा करू नका.

कार्यालयातली पंगत आठवा. मशिन चालू झालं की हाक मारतं, 'मी बसू कुठे, आणि मला वाढणार कोण?' पाट दाखवायचं, म्हणजे पत्ता द्यायचं काम राउटर आधीपासून करतोय. तुम्ही हौसेने सर्व्हरलाही पाट दाखवायला उभं करता. मग जो आधी हात करेल, त्याच्यामागे पाहुणा जातो.

पेठेतल्या एका शाळेत हा घोळ मी स्वतः घातलाय. निम्मी मशिनं राउटरमागे गेली. त्यांना पाट मिळाला, पण वाढप्याचा पत्ता नाही. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३', म्हणजे बूट फाइलचं नावच आलं नाही. आणि खालच्या ऑफिसातलं मशिन माझ्या सर्व्हरच्या पाटावर येऊन बसलं. मी गेटवे दिलाच नव्हता. फीच्या पावत्या बंद! हेडबाई जिना चढून वर आल्या. पुढचं सांगत नाही.

म्हणून सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम वापरा, प्रॉक्सी पद्धतीने. राउटर पाट दाखवेल. हा फक्त म्हणेल, 'वाढायला तो बघा, तिकडे.' पत्ता वाटायचा नाही म्हणजे नाही. पुन्हा सांगतो, कारण पुन्हा फोन येणार आहेत: पत्ता राउटरनेच द्यायचा.

वाढप्याचंही ऐका. टीएफटीपी हा चटणी-कोशिंबीर वाढणारा. मूळ रीतीत ५१२ बाइटचा एक चमचा वाढतो, आणि 'पोचलं' ऐकल्याशिवाय दुसरा वाढत नाही. त्याच्या हाती भाताचं पातेलं देऊ नका, मोठ्या फाइली एचटीटीपीने द्या. आणि यूईएफआयवाल्यांचं पान उपासाचं असतं. त्यांना बायोसवाल्यांची फाइल चालत नाही, वेगळी लागते. मशिन मागतानाच आपली जात सांगतं, ऐकायचं आपण.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, एकच मिनिट. किकस्टार्टचं, म्हणजे इन्स्टॉलची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या फाइलचं राहिलंच. त्यात डिस्क पुसायची ओळ असते, आणि ती कुणाला विचारत बसत नाही. तेव्हा ऑफिसातल्या मशिनांचं नेटवर्क बूट आधी बंद करा, आणि लॅबमध्ये इन्स्टॉल झालं की बूटचा क्रम... बरं, थांबतो.