गाडी एकाची, इंजिन दुसऱ्याचे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची पहिली वेचणी तोंडावर आली की गावोगाव जुन्या पिकअपची चौकशी सुरू होते. भाड्याच्या गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा चौघांनी मिळून एक जुनी गाडी घ्यावी, माल खामगावला न्यायचा की मलकापूरला हे आपले आपण ठरवावे, हा विचार चांगलाच आहे. पण बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गाडी घेताना मात्र बॉनेटवरचे नाव वाचतो आणि इसार देऊन मोकळे होतो. बॉनेटखाली काय आहे ते गॅस्केट उडाल्यावर कळते. मिस्त्री सामानाची चिठ्ठी देतो, अकोल्याहून आणलेले सामान बसत नाही, आणि कापसाने भरलेली गाडी रस्त्यात उभी.

जुन्या गाडीत मूळचे इंजिन नसणे यात नवल काहीच नाही. विलीज घराण्याच्या जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचे. त्याची पेट्रोलची भूक भागवणे परवडेना, म्हणून लोकांनी ते उतरवले आणि मिळेल ते डिझेल इंजिन चढवले. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ‘एमएम ५४० डीपी’ या नावातला डीपी म्हणजे डिझेल प्यूजो. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स, तिच्या मेटाडोर आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचे ओएम ६१६ इंजिन बसवत असे. टाटाची इंजिने वेगळी. ही सगळी इंजिने एकमेकांच्या चेसिसवर चढलेली सापडतात. मिस्त्रीच्या कसबाला दाद द्या, पण पैसे आपले आहेत.

मग ओळखायचे कसे? आधी नंबर पाहा. इथेच बहुतेकांची गफलत होते. ब्लॉकवर उठावदार अक्षरांत जो आकडा असतो तो ओतकामाचा, एका साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकवर तोच. इंजिन नंबर हा सपाट केलेल्या जागेवर पंचाने ठोकलेला, आत दबलेला असतो. ती जागा डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा. अक्षरे वाकडी, कमीजास्त खोल, किंवा भोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर तो सौदा तिथेच सोडा. पंपावर मायकोची पट्टी दिसली तर ती पंपाची आहे, इंजिनाची नव्हे.

नंतर टॅपेट कव्हर काढा. कॅमशाफ्ट हेडच्या वरच फिरताना दिसली तर मर्सिडीजचा संशय घ्या. रॉकर आणि खालून येणारे पुश रॉड दिसले तर ते मर्सिडीज नव्हे. प्यूजोची रचना अशीच आहे. हेडमध्ये हीटर प्लग आहेत का तेही पाहा. प्यूजोला ते असतात. महिंद्राच्या एमडीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर फवारले जाते, म्हणूनच नावात डीआय.

पण पक्का पुरावा मोजमापाचा. हेड उतरले असेल तेव्हा व्हर्नियर लावून बोअर मोजा आणि पिस्टन वरून खाली किती जातो तो स्ट्रोक मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या, आणि त्याला ०.७८५ ने गुणा. सीसी हातात आला. एक्सडीपीचा बोअर ९०, स्ट्रोक ८३ मिलिमीटर, म्हणजे ९ × ९ × ८.३ × ४ × ०.७८५, सुमारे २१११. कंपनीचा आकडा २११२. मर्सिडीज २३९९ च्या आसपास येईल. बोअर केलेले इंजिन असेल तर आकडा थोडा वर जातो, त्याला घाबरू नका.

टाटाने तर नावातच उत्तर ठेवले आहे. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ बोअर. ट्रकचे ६९७ कसे वाचायचे ते आता तुम्हीच सांगा.

एमडीआयच्या २५२३ सीसी इंजिनाचा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार इंच. जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरचाही स्ट्रोक चार इंचच. म्हणून कोणी म्हणेल, ट्रॅक्टरचे पिस्टन चालतील. चालणार नाहीत. ट्रॅक्टरचा बोअर सव्वातीन इंच आणि वर एक अष्टमांश, एमडीआयचा साडेतीन.

आता हे सगळे आरसी बुकाशी ताडून पाहा. त्यात इंजिन नंबर, सिलिंडरची संख्या, सीसी आणि इंधन लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदलले गेले असेल तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर बदल करून घ्यायचा असतो. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन पळत असेल तर पासिंग अडते. अपघात झाला तर विमा कंपनीला पैसे नाकारायला आयते कारण मिळते. आणि नंबर चोरीच्या इंजिनाचा निघाला तर पोलीस आधी ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यालाच विचारतात.

म्हणून इसाराच्या पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: इंजिन कोणते, ठोकलेला नंबर कोणता, आणि बदल आरसीवर चढला आहे की नाही. विकणारा लिहून द्यायला का-कू करू लागला तर इसार खिशातच राहू द्या आणि यंदाची वेचणी भाड्याच्या गाडीने काढा.