अंडाशयाचा कर्करोग : शस्त्रक्रिया किती आणि केव्हा



ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून नवकाव्यापर्यंत विद्वानांनी विवेचन केले, तेथे एका शस्त्रवैद्याने पोटातील गाठींविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. "विषय तुमचा, पण भाषा आमची" अशी अट कार्यवाहांनी घातली आहे. ती यथाशक्ती पाळतो. विषय निवडण्यामागचे कारण खाजगी आहे. ते ओघात येईल.

अंडाशय हा बदामाएवढा अवयव. तो उदराच्या पोकळीत जवळजवळ मोकळा टांगलेला असतो, आणि सारा अनर्थ येथूनच सुरू होतो. त्याच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या रोगट पेशींना अडवणारी भिंत नाही. पोटातील द्रवाबरोबर त्या फिरतात, उजव्या बाजूने वर चढून यकृतामागे श्वासपटलाखाली जातात आणि आतड्यांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर, ज्याला आपले प्राचीन ग्रंथकार वपा म्हणत, तेथे ठाण मांडतात. दुखणे म्हणावे असे बहुधा काही नसते. पोट फुगते, चार घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, लघवीला वारंवार जावे लागते. घरात त्याला 'गॅस' म्हणतात, 'वय झाले' म्हणतात, आणि आपल्या स्त्रिया स्वतःच्या दुखण्याला शेवटचा क्रमांक देण्यात पटाईत! म्हणून बहुसंख्य रुग्ण वैद्यापुढे येतात तेव्हा रोग पोटभर पसरलेला असतो.

सुश्रुताने जलोदराचे पाणी काढण्याचा विधी सांगितला आहे, आणि सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये असा इशाराही दिला आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांतात एफ्रेम मॅकडॉवेल याने १८०९ च्या नाताळात, भूल देण्याची विद्या अवगत नसताना, जेन क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीच्या अंडाशयाची बावीस पौंडांहून जड गाठ काढली. ती बाई पुढे अनेक वर्षे जगली. पण ती गाठ एका जागी होती. पसरलेल्या रोगाचे काय?

शस्त्रवैद्यकाचा सर्वसाधारण नियम असा की, कर्करोग विखुरला की सुरी खाली ठेवावी. अंडाशयाचा कर्करोग या नियमाला अपवाद ठरला. बॉस्टनच्या मीग्ज याने १९३० च्या दशकात तसे सुचवले होते. पण १९७५ साली ग्रिफिथ्स याने मोजून दाखवले की, शस्त्रक्रियेनंतर पोटात उरलेली सर्वांत मोठी गाठ जितकी लहान, तितके रुग्णाचे आयुष्य अधिक. कारण समजण्याजोगे आहे. मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्तपुरवठा तोकडा असतो, औषध तेथे पोहोचत नाही; कणाएवढ्या अवशेषापर्यंत ते पोहोचते. तेव्हा 'किती काढले' या प्रश्नाला या रोगात फारसा अर्थ नाही. उरले किती, हाच प्रश्न. पूर्वी दोन सेंटिमीटरपर्यंत उरलेले चालत असे, मग एक. आज डोळ्यांना दिसेल असे काहीही उरू नये, हे उद्दिष्ट मानले जाते.

ते साधायचे कसे? छातीच्या हाडाखालपासून जघनास्थीपर्यंत उभा छेद घेतात. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, नलिका आणि वपा काढतात. कटिरात मात्र सगळे एकमेकांना इतके चिकटलेले असते की, गाठ सोडवत बसणे म्हणजे रोग फोडत बसणे. येथे इंग्लंडमधील हडसन याने १९६८ साली सांगितलेली युक्ती उपयोगी पडते. पोटाच्या आतील अस्तराला पर्युदर म्हणतात. रोग बहुधा त्या अस्तरावर असतो, त्याच्यामागे नसतो. म्हणून अस्तराच्या मागून शिरायचे आणि अस्तरासह सारा गोळा एकसंध उचलायचा. ओल आलेल्या भिंतीवरचे डाग खरवडण्याऐवजी गिलावाच उतरवावा, तसे. गरज पडल्यास गुदाशयाच्या वरचा आतड्याचा भागही त्याबरोबर जातो आणि टोके पुन्हा जोडतात. नंतर यकृत सैल करून श्वासपटलावरचे अस्तर सोलायचे. प्लीहेच्या देठाशी रोग असेल तर प्लीहा काढायची. सहा-आठ तास सहज जातात. लहान आतड्याच्या मुळाशीच रोग गोळा झाला असेल, तर मात्र तेथे थांबावे लागते. आतडेच न ठेवून कोणी जगत नाही.

अधिक काढणे म्हणजे अधिक चांगले, असेही नाही. निरोगी दिसणाऱ्या लसीकाग्रंथी आम्ही वर्षानुवर्षे श्रद्धेने काढत होतो. ६४७ स्त्रियांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले : आयुष्य वाढत नाही, उपद्रव वाढतात. श्रद्धा सोडावी लागली.

'केव्हा' हा प्रश्न अधिक वादग्रस्त. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ६७० स्त्रियांवरील युरोपीय चाचणीत असे दिसले की, आधी केमोथेरपीची तीन आवर्तने देऊन मग शस्त्रक्रिया केली तरी आयुष्यमान तेवढेच राहते. निष्णात केंद्रांनी केलेल्या चाचणीचे २०२५ मधील निष्कर्षही एकूण आयुष्यात निर्णायक फरक दाखवत नाहीत; आधी शस्त्रक्रिया केल्यास रोग परतायला थोडा उशीर होतो, इतकेच. थकलेल्या, पाणी भरलेल्या रुग्णाला आधी औषध द्यावे, धडधाकट स्त्रीत सर्व रोग निघण्याची खात्री असेल तर आधी सुरी घ्यावी, असे माझे मत आहे. पोटात ऊन औषध फिरवण्याच्या पद्धतीचा आज फार बोलबाला आहे. २०१८ च्या डच चाचणीत तिने मध्यक आयुष्य ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर नेले, हे खरे. पण ते तीन आवर्तनांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या २४५ स्त्रियांपुरते. सरसकट सर्वांना ते लागू करणे मला मान्य नाही.

आता ते खाजगी कारण. उमेदीच्या काळात, दुसऱ्या एका गावी, मी एका निवृत्त शिक्षिकेचे पोट उघडले. साधी गाठ समजून उघडले होते. आत रोग पाहून गांगरलो, हाताशी आली ती गाठ काढली आणि पोट शिवले. बाईंना काही सांगू नका, असे यजमान म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "डॉक्टर, आत अजून किती आहे?" मी "आता विश्रांती घ्या" म्हणालो. पुढे त्या मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात गेल्या. १९४१ पासून इंदूरकरांसह साऱ्या मुलखातले लोक त्या दाराशी जातात. तेथे दुसऱ्यांदा पोट उघडावे लागले. माझ्या अर्धवट कामाने झालेल्या चिकटपणातून वाट काढत त्यांना जावे लागले.

म्हणून सांगतो. पन्नाशीनंतर पोटात गाठ निघाली, तर घाईने टेबलावर जाऊ नका. आधी स्कॅन आणि रक्तातील सी.ए.-१२५ पाहा. आतड्यावर काम करणारा हात, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग त्याच छताखाली आहेत का, हे विचारा. आणि आतड्याचे तोंड काही काळ पोटावर आणावे लागण्याची शक्यता असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, आधीच विचारायचे, आणि तिलाच विचारायचे. यजमानांना नव्हे, मुलाला नव्हे. काही स्त्रिया नको म्हणतात. तेही ऐकावे लागते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. काही विचारायचे असल्यास, विशेषतः भगिनींना, मी वाचनकक्षात थांबतो आहे.