दोघांचं गाणं, पण कुणासोबत?

आम्ही तिघी पुन्हा आलो आहोत. मागच्या वेळी आम्ही टोकियोतल्या आमच्या स्वयंपाकघराबद्दल बोललो होतो. ते ऐकून एका श्रोत्या मावशींनी विचारलं, "पोरींनो, तिकडे संध्याकाळी करायचात तरी काय?" मावशी, खरं सांगायचं तर एका बंद खोलीत बसून गाणी म्हणायचो. तीही प्रेमाची, आणि जपानी!

कराओके आता आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नाशीतल्या कितीतरी बायका-पुरुष माइक घेऊन जुनी हिंदी युगुलगीतं म्हणतात. शब्द मात्र जपानी. 'कारा' म्हणजे रिकामं, आणि 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा, त्यांच्या तोंडी आखूड झालेला. वाद्यं वाजतात, गाणाऱ्याची जागा रिकामी. कोबे शहरात इनोउए दाइसुके नावाच्या वादकाने 1971 मध्ये असं यंत्र तयार केलं आणि बारवाल्यांना भाड्याने दिलं. त्याने पेटंट घेतलं नाही, त्यामुळे जगभर गाणं गेलं, पैसा नाही. पण बार म्हणजे पुरुषांची जागा. 1985 मध्ये ओकायामा भागात मालवाहू कंटेनरमध्येच गाण्याची खोली थाटली गेली, आणि अशा वेगळ्या खोल्या सगळीकडे निघाल्यावर शाळकरी मुली, घरच्या बायका, सासू-सुना यांनाही गायला जागा मिळाली. आमच्यासारख्यांना तर त्या खोलीचाच आधार.

आम्ही निशि-कासाईला राहायचो. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती, आपली भारतीय माणसं पुष्कळ. आमच्यातल्या दोघी नवऱ्यांच्या नोकरीमुळे गेलेल्या, तिसरी स्वतः नोकरी करणारी. भाषा शिकायला एका वर्गाला जायचो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, त्यांना आम्ही 'सेन्सेई' म्हणायचो. एका शनिवारी त्या म्हणाल्या, पुस्तक पुरे, आता गाण्यातून शिका. सोबत त्यांचे यजमानही आले. हे गृहस्थ आम्ही दोन वर्षांत 'हं' याशिवाय काही बोलताना ऐकले नव्हते. सेन्सेई त्यांना 'ओतोसान' म्हणायच्या, म्हणजे बाबा. आपल्याकडे नाही का, 'अहो' किंवा 'बंडूचे बाबा'? तसंच.

तर या ओतोसाननी यंत्रावर गाणं लावलं, 'गिन्झा नो कोई नो मोनोगातारी'. गिन्झातली प्रेमकथा. 1961 चं गाणं, नट इशिहारा युजिरो आणि माकिमुरा जुन्को यांनी म्हटलेलं. जपानी युगुलगीतांचं हे थोरलं घर म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी त्याच नावाचा सिनेमाही आला. पडद्यावर शब्द सरकू लागले. पुरुषाच्या ओळी निळ्या, बाईच्या गुलाबी, दोघांनी मिळून म्हणायच्या तिसऱ्या रंगात. आणि हे मुके गृहस्थ बायकोकडे वळून असे काही गायले की आम्हीच लाजलो.

नंतर सेन्सेई सांगत होत्या, आमच्या पिढीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कुणी तोंडाने म्हणत नाही. ते सिनेमात. गाण्यात मात्र म्हणता येतं, कारण शब्द गाण्याचे असतात.

आम्हाला पटकन आठवला तो उखाणा. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. पण चांदीच्या ताटात काहीतरी ठेवून, यमक जुळवून, चारचौघांत नाव घेता यायचं. लाजतही यायचं आणि मिरवताही यायचं. दोन्हींत एकच सोय आहे.

त्यानंतर आम्हाला नादच लागला. नव्याने शिकायची असतील तर आमची आवडती सांगतो. 'इझाकाया' हे 1982 चं गाणं, म्हणजे साधं खानावळवजा दारूचं दुकान, तिथे दोन अनोळखी माणसं भेटतात. इत्सुकी हिरोशी आणि किनोमी नाना यांचं. (नाना ही बाई आहे हं! आमच्या एका मामेसासऱ्यांना हे कितीही सांगितलं तरी पटलं नाही.) चाल सावकाश, म्हणून शब्द वाचायला वेळ मिळतो. 'लोनली चॅप्लिन' 1987 चं, जरा अवघड. मुळात ते सुझुकी कियोमी आणि तिचा धाकटा भाऊ मासायुकी यांनी गायलंय. प्रेमाचं गाणं बहीण-भावाने! तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पण सगळ्यांत मजा 'साननेनमे नो उवाकी'ची, म्हणजे 'तिसऱ्या वर्षीचं लफडं'. हेही 1982 चंच. नवरा सारवासारव करतो आणि बायको अजिबात ऐकून घेत नाही. भांडणाचंच युगुलगीत. हे आम्ही आमच्या नवऱ्यांकडून म्हणवून घेतलं. एकाला जपानी वाचता येत नव्हतं, त्याला देवनागरीत लिहून दिलं. आपण कशाची माफी मागतोय हे त्याला गाणं संपल्यावर कळलं.

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. यंत्रावर स्वर वर-खाली करायचं बटण असतं. तो कमी पट्टीत गातो आणि तिला ओरडावं लागतं, असं होत असेल तर बटण दाबा. दोघांचा गळा बघूनच पट्टी ठरवावी, त्याच्या एकट्याच्या नव्हे.

आता जे सांगायचंय ते मजेचं नाही. आमच्यातली जी नोकरी करायची, तिच्या ऑफिसात महिन्याकाठी जेवणं व्हायची आणि मग कराओके. तिचे एक साहेब दर वेळी युगुलगीत लावून तिलाच हाक मारायचे. माइक एकच घ्यायचा, खांद्याला खांदा. सगळे टाळ्या वाजवायचे. पहिल्या वेळी ती गायली. दुसऱ्या वेळीही गायली. आम्हाला सांगितलं ते चौथ्या वेळेनंतर, आणि तेही "माझंच काही चुकतंय का?" असं विचारत.

तिचं काही चुकत नव्हतं. सेन्सेईंनीच दाखवलं. जपानमध्ये सरकारी नोकरांसाठी 1999 पासून जे नियम लागू आहेत, त्यांच्या सूचनांमध्ये लैंगिक छळाची उदाहरणं दिली आहेत, आणि 'कराओकेत युगुलगीत म्हणायची सक्ती' हे त्यात शब्दशः आहे. त्याच वर्षापासून खासगी कंपन्यांवरही असा छळ रोखण्याची जबाबदारी कायद्याने आली. कुणीतरी बाई कधीतरी बोलली असणार, म्हणून ते कागदावर आलं.

पुढच्या वेळी साहेबांनी हाक मारली तेव्हा ती जागेवरून उठली नाही. "आज नको" एवढंच म्हणाली. खोलीत शांतता. मग पलीकडची एक वयस्क सहकारीण उठली, दुसरा माइक घेतला आणि साहेबांबरोबर इतक्या जोरात गायली की पुन्हा ते गाणं लागलंच नाही.

आम्ही हे बोललो तेव्हा उखाण्याकडे पुन्हा वळलो. हळदीकुंकवाला "घे गं नाव, घे" म्हणून आपण एखादीच्या किती मागे लागतो! तिच्या घरात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक असतं का? आम्हीही लागलोय मागे, कबूल करतो. आता नाही लागत.

परत यायच्या आधी सेन्सेईंबरोबर शेवटचं गायला गेलो. ओतोसानना आता जिने चढवत नव्हते, ते घरीच. सेन्सेईंनी गिन्झाचं गाणं लावलं, फोन जोडला आणि माइक फोनला टेकवला. निळी ओळ आली की पलीकडून ओतोसान म्हणायचे, पण आवाज पोहोचायला उशीर, त्यामुळे प्रत्येक वेळी ते अर्धी ओळ मागे. सेन्सेई थांबायच्या, मग आपली गुलाबी ओळ घाईघाईने उरकायच्या. यंत्राने गुण दिले 61. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला, दहा मिनिटं उरली म्हणून. सेन्सेईंनी अर्धा तास वाढवून घेतला आणि तेच गाणं पुन्हा लावलं.